बारा मैलांचं सरकार

या शनिवारी विषय मासळीचा. रेसिपी वगैरे नाही, ती अपेक्षा असेल तर इथूनच परत फिरा :-) विषय आहे मासेमारीचे नियम, आणि राज्य सरकार ते कसे करतं. कंटाळवाणा वाटतोय ना? वाटणारच. पण दर रविवारी बाजारात पापलेटचा भाव ऐकून आपण जे तोंड करतो, त्याचं निम्मं कारण या कंटाळवाण्या विषयात दडलेलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडणाऱ्यांना सोपं जाईल. महाराष्ट्र सरकारकडे मासेमारीचे नियम कमी नाहीत, चिक्कार आहेत. पण ते नियम तारखेवर आणि दंडावर चालतात, माशांवर चालत नाहीत. कोणी, कुठे, कशाने आणि किती पकडलं याची रोजची नोंद ठेवून नियम त्या नोंदीला बांधला जात नाही, तोवर कितीही जीआर काढा, समुद्रात फरक पडायचा नाही. फरक पडतो तो फक्त छोट्या होडीवाल्याला, आणि तोही वाईटच.

आता सविस्तर.

पहिला प्रश्न, समुद्रावर राज्य कोणाचं? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली 21वी नोंद आहे "मत्स्यव्यवसाय". आणि केंद्र सूचीतली 57वी नोंद आहे प्रादेशिक सागराच्या पलीकडची मासेमारी. 1976च्या कायद्याने प्रादेशिक सागर ठरला किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. त्याच्या आत मासेमारी कशी करायची ते राज्य ठरवणार, बाहेर 200 मैलांपर्यंत केंद्र. कागदावर एकदम स्वच्छ. प्रत्यक्षात बांगड्याच्या थव्याला बारावा मैल कुठे संपतो ते कोणी सांगितलेलं नाही, आणि बोटवाल्याला सांगितलेलं असलं तरी तो रात्री ते विसरतो.

या सीमेचा घोळ किती होतो त्याचा नमुना तामिळनाडूत बघा. तिथल्या सरकारने आपल्या हद्दीत पर्ससीन जाळ्यांवर बंदी घातली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 24 जानेवारी 2023ला कोर्टाने अंतरिम आदेश दिला की 12 मैलांच्या पलीकडे पर्ससीन चालेल, पण आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी 8 ते संध्याकाळी 6. म्हणजे बोट बंदर सोडणार राज्याच्या पाण्यातून, मासे पकडणार केंद्राच्या पाण्यात, परत येणार राज्याच्या पाण्यातून, आणि मधल्या वेळात जाळं कुठे टाकलं ते कोणी बघायचं? बोटीवर ट्रॅकिंगचं यंत्र लावा असंही कोर्टाने सांगितलं ते त्याचसाठी. कोर्टालासुद्धा कळलं की यंत्राशिवाय हा नियम म्हणजे नुसता सुविचार.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्राचा कायदा 1981चा, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. हा आला कुठून ते समजून घेतलं तर पुढची सगळी गंमत उलगडते. साठ-सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले. ते किनाऱ्याजवळ कोळंबी ओढायला लागले आणि पारंपरिक मच्छीमारांची जाळी तुटायला लागली. गोव्यात रापणकारांचं आंदोलन पेटलं, केरळात आणि तामिळनाडूत समुद्रात मारामाऱ्या झाल्या. केंद्राने मजुमदार समिती नेमली, तिचा अहवाल 1978 साली आला आणि 1979मध्ये केंद्राने राज्यांना एक नमुना विधेयक पाठवलं. केरळ आणि गोव्याने 1980मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने 1981मध्ये. सगळ्यांचा साचा एकच: राज्य सरकार क्षेत्र ठरवेल, जाळी ठरवेल, हंगाम ठरवेल, बोटींना परवाने देईल.

म्हणजे हा कायदा मुळात भांडण सोडवायला आला. तू इकडे, तो तिकडे, आणि समुद्रात डोकी फोडायची नाहीत. माशांचं जतन हा हेतू त्यात लिहिलेला आहे, नाही असं नाही. पण ज्या घाईत कायदा झाला ती घाई माशांची नव्हती, कायदा-सुव्यवस्थेची होती. आमच्या धंद्यात याला म्हणतात, रिक्वायरमेंट एक होती आणि चाळीस वर्षं त्याच कोडवर दुसरंच काम रेटतायत. वर पॅच मारत राहायचे. चालतंय तोवर चालतंय.

पॅच किती मारले ते बघा.

पावसाळी बंदी. पूर्वी आपल्याकडे 10 जून ते 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल ते, अशी पद्धत होती. आता पूर्ण पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. हेतू चांगला आहे, पावसाळ्यात बऱ्याच माशांची वीण असते आणि समुद्रही खवळलेला असतो. पण 2020मध्ये कोविड आला आणि केंद्राने बंदी 61वरून 47 दिवसांवर आणली. लॉकडाऊनमध्ये धंदा बुडाला होता, मच्छीमारांना दिलासा हवा होता, हे सगळं मान्य. पण मग माशांच्या विणीचे 14 दिवस कमी झाले का? नियम माशांच्या हिशोबाने होता की माणसांच्या? आणि नारळी पौर्णिमा 2023मध्ये अधिक मासामुळे थेट 30 ऑगस्टला आली. कोळ्याची परंपरा म्हणते समुद्र अजून शांत नाही, सरकारी कॅलेंडर म्हणतं 1 ऑगस्टला बोटी सोडा. गंमत म्हणजे केरळात ट्रॉलबंदी 52 दिवसांची आणि ती मुख्यतः ट्रॉलरना. पश्चिम किनारा तोच, बांगडा आणि तारली त्याच, हिशोब राज्यागणिक वेगळा.

पर्ससीन. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016ला राज्याने आदेश काढला. पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर परवानगी, आणि परवाने हळूहळू कमी करत 182वर आणायचे. आदेश चांगला होता. 182 हा तरी एक आकडा आहे, आपल्या नियमांमध्ये आकडा दिसला की मला बरं वाटतं. पण परवाना मोजणं आणि जाळी मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिनपरवाना पर्ससीन, मिनी पर्ससीन, परराज्यातून येणारे हायस्पीड ट्रॉलर... सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कुठल्याही पारंपरिक मच्छीमाराला विचारा, तासभर बोलेल.

एलईडी. रात्री समुद्रात प्रखर दिवे लावायचे, मासे उजेडाला गोळा होतात, मग लहान-मोठे सगळे एका घेऱ्यात. केंद्राने नोव्हेंबर 2017मध्ये यावर बंदी घातली.

दंड. जुन्या कायद्यात दंड पकडलेल्या माशांच्या किमतीच्या पटीत असायचा आणि खटला चालायचा तहसीलदारापुढे. तहसीलदाराकडे आधीच सातबारा, दुष्काळ, निवडणूक, दाखले. त्यात मासे. 2021च्या दुरुस्तीने ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंड लाखांत गेला. पर्ससीनच्या उल्लंघनाला 1 ते 6 लाख, एलईडीला 5 ते 20 लाख.

आकार. सप्टेंबर 2023मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केलं. त्याच वर्षी राज्याने 54 प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला, त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी 135 मिलिमीटर. म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर, तुमच्या खिशातल्या बॉलपेनाएवढंही नाही.

ड्रोन. 9 जानेवारी 2025पासून किनाऱ्यावर ड्रोनने गस्त सुरू झाली. एकूण 9 ड्रोन, सात सागरी जिल्ह्यांना.

यादी वाचून कोणालाही वाटेल, वा, सरकार काम करतंय की. करतंय, मी नाही म्हणत नाही. आता एकच प्रश्न विचारतो: यातल्या कुठल्या नियमामुळे किती मासे वाढले?

उत्तर कोणाकडेही नाही. कारण एकाही नियमात "अमुक झालं की हा नियम यशस्वी" असं लिहिलेलंच नाही. सॉफ्टवेअर रिलीज केलं, लॉग बंद, मॉनिटरिंग बंद, आणि क्लायंटने विचारलं चालतंय का तर आपण म्हणायचं, साहेब दंड वाढवलाय. आमच्या मॅनेजरसमोर असं बोलून बघा म्हणावं.

"पण आकडे असतात की!" असतात. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदराबंदरांवर नमुना पद्धतीने मोजणी करते, आणि ती मोजणी जगात नावाजली जाणारी आहे. त्याच संस्थेने सांगितलं की 2019मध्ये महाराष्ट्रात फक्त 2.01 लाख टन मासळी उतरली, 45 वर्षांतली नीचांकी. आदल्या वर्षी, 2018मध्ये, हाच आकडा 2.95 लाख टन होता. एका वर्षात जवळजवळ तिसरा हिस्सा गायब! त्या वर्षी क्यार आणि महा अशी वादळं आली, मासेमारीचे दिवस बुडाले, हेही खरंय. मग त्यातला किती भाग वादळाचा, किती जास्तीच्या मासेमारीचा, किती पिल्लं ओरबाडल्याचा? ते सांगायला बोटवार नोंद लागते. राज्याचं खातंही वर्षाकाठी उत्पादनाचा अहवाल काढतं, जिल्ह्यावार टन वगैरे. पण तो अहवाल एकीकडे आणि नियम दुसरीकडे. आकडा पडला म्हणून पुढच्या हंगामात परवाने आपोआप कमी झाले, किंवा सुधारला म्हणून बंदी सैल झाली, असं आपल्याकडे होत नाही. नियम बदलतो मोर्चा आला की, नाहीतर मंत्री बदलला की.

साधी गोष्ट घ्या, आपला किनारा किती लांब? शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलं 720 किलोमीटर. नव्या मोजणीत तो 877.97 किलोमीटर निघाला. किनारा काही वाढला नाही, खाड्या-वळणं बारकाईने मोजली एवढंच. जो जागचा हलत नाही तो किनारा नीट मोजायला इतकी वर्षं लागली. पाण्याखाली पळणाऱ्या माशाचं काय घेऊन बसलात!

आता यातली सगळ्यात विनोदी गोष्ट. एका हाताने सरकार म्हणतं कमी पकडा, आणि दुसऱ्या हाताने यांत्रिक बोटींना डिझेलवरच्या कराचा परतावा देतं. परतावा बंद करा असं मी म्हणत नाही. डिझेलचा खर्च बघता तो बंद झाला तर छोटी ट्रॉलरवाली कुटुंबं आधी मरतील आणि दहा बोटींचा मालक टिकेल. पण परतावा कसा मिळतो बघा. बोट नोंदलेली हवी, परवाना हवा, सोसायटीमार्फत कागद जायला हवेत, डिझेलची बिलं हवीत. म्हणजे कोणत्या बोटीने किती डिझेल जाळलं हे सरकारला पैशापैशाने माहिती आहे. आणि त्या डिझेलवर किती आणि कोणती मासळी आणली ते विचारलं जात नाही! एवढा एक रकाना वाढवा. परतावा हवा तर फेरीगणिक उतरवलेल्या मासळीची नोंद द्या. नोंद नाही, परतावा नाही. पोलीस नको, गस्तीनौका नको, ड्रोनही नको. ज्या फॉर्मवर बोटमालक स्वतःहून सही करायला येतो त्याच फॉर्मवर डेटा घ्यायचा.

तंत्रज्ञान नाही असं तर कोणी म्हणूच नये. 30 ऑगस्ट 2024ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली, इस्रोने तयार केलेले ट्रान्सपॉन्डर देशभरातल्या 1 लाख बोटींवर बसवायची. वादळाचा इशारा मिळावा, संकटात मदत मागता यावी म्हणून ते यंत्र आहे, आणि तो उपयोग फार मोठा आहे. पण तेच यंत्र बोट कुठे होती तेही सांगतं. म्हणजे जागा ट्रान्सपॉन्डरकडून, डिझेल परताव्याच्या फाईलमधून, मासळी बंदरावरच्या लिलावातून. तीन टेबलं आहेत, जॉईन मारायचा बाकी आहे. कॉलेजातला पोरगा मिनी प्रोजेक्ट म्हणून करेल.

इथपर्यंत धंद्याच्या मासेमारीबद्दल झालं. आता हौशी लोकांकडे येतो, कारण आपल्या कायद्यात हा माणूस जवळजवळ दिसतच नाही.

1981चा कायदा आहे बोटींचा. मासेमारी नौका, तिचा परवाना, तिचं जाळं. खडकावर उभा राहून महागड्या रॉडने गरी टाकणारा माणूस त्याच्या चौकटीत बसत नाही. गोड्या पाण्यात थोडी शिस्त आहे. पवई तलावावर अँगलिंगची संघटना कित्येक दशकं आहे, सभासदत्व आहे. पण खाडीत आणि समुद्रात? गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई-पुण्यातून वीकेंडला रॉड घेऊन कोकणात जाणारी मंडळी वाढलीत. माझ्याच क्षेत्रातले बरेच आहेत. कोणी पकडून सोडून देतं, कोणी घरी आणतं, आणि सगळे फोटो टाकतात. फोटोत मासा जेवढा मोठा तेवढ्या लाईक्स जास्त.

आता जिताडा घ्या. रायगडचा जिताडा, पेण-अलिबागकडचा. साहेबांकडे काम असलं की जिताडा घेऊन जायचं, अशी तिकडची जुनी पद्धत. या माशाची एक खासियत आहे. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे फोटोतला तो भलामोठा जिताडा बहुतेक वेळा मादी असतो, लाखो अंडी घालणारी. छोटा मारला तर नर गेला, मोठा मारला तर मादी गेली. मग पकडायचा कुठला?

हाच मासा ऑस्ट्रेलियात आहे, तिथे त्याला बारामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्याच्या सरकारने उत्तर काढलंय: 58 सेंटीमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि 120 सेंटीमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. मधला चालेल, तोही एका माणसाकडे ठरावीक संख्येपर्यंतच. शिवाय विणीच्या महिन्यांत बंद. समुद्रात हौसेने मासे पकडायला तिथे सर्वसाधारण लायसन्स लागत नाही, पण मोजपट्टी लागते. माशाचं शरीर कसं चालतं ते बघून नियम लिहिलाय, आणि तो हौशी माणसालाही लागू आहे. आपल्याकडे याच माशासाठी अशी वरची मर्यादा कोणी सुचवली तरी लोक हसतील. मोठा मासा सोडून द्यायचा? वेड लागलंय का?

"एकटा रॉडवाला पकडून पकडून किती पकडणार" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राईप्ड बास नावाचा मासा आहे. त्याच्या एकूण मरतुकीतला मोठा वाटा हौशी लोकांचा आहे, धंदेवाल्यांचा नाही. एकेकाने पकडले थोडेच, पण पकडणारे लाखो.

या स्ट्राईप्ड बासची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेरीलँड राज्य 1954पासून दर उन्हाळ्यात चेसापीक खाडीत ठरलेल्या 22 जागी जाळं ओढतं आणि त्या वर्षीची पिल्लं मोजतं. जागा त्याच, पद्धत तीच, दर वर्षी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पिल्लं घसरायला लागली ती आकड्यांत दिसली. 1985मध्ये मेरीलँडने या माशाची मासेमारी पूर्ण बंद केली. धंदेवाईक बंद, हौशीही बंद. बोंबाबोंब झालीच. पण बंदी कधी उठणार ते ठरलेलं होतं: पिल्लांच्या निर्देशांकाची तीन वर्षांची सरासरी 8 झाली की. 1989मध्ये ती झाली, आणि 1990मध्ये मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली.

फरक कळला? आपली बंदी उठते 31 जुलैला, मासे असोत नसोत. त्यांची उठली पिल्लं दिसल्यावर. मच्छीमारालाही कळत होतं की कशाची वाट बघतोय. आणि अमेरिका म्हणजे स्वर्ग असं मी अजिबात म्हणत नाही. 2019च्या अहवालात हाच मासा पुन्हा अतिमासेमारीत सापडला आणि 2023मध्ये नियम परत आवळावे लागले. चुका तिथेही होतात. पण चूक झाली हे त्यांना कळतं, कारण मोजतात.

आता आक्षेप. मला माहिती आहेत, बरेच ईमेलवर ऐकलेत.

पहिला: "ते एका प्रजातीचे देश, आपल्या एका जाळ्यात तीस प्रकार येतात." बरोबर आहे, आणि हा आक्षेप सगळ्यात दमदार आहे. डोलीत बोंबील, कोळंबी, मांदेली, पापलेटची पिल्लं सगळं एकत्र येतं. म्हणून प्रत्येक माशाचा कोटा ठरवणं इथे मूर्खपणा होईल. म्हणूनच नुसता 54 प्रजातींचा किमान आकार लिहूनही भागत नाही. जाळं वर आलं तेव्हा पिल्लू मेलेलंच असतं. कायद्याच्या भीतीने ते समुद्रात फेकलं तर कागदावर नियम पाळला गेला आणि मासा मात्र गेलाच. आकाराचा नियम खरा पाळायचा तर जाळ्याचं आस तपासायला हवं, म्हणजे त्या भोकातून पिल्लू निसटेल की नाही ते. आणि जाळं तपासायची जागा समुद्र नाही, बंदर आहे. बोट बंदरातच उभी असते, पावसाळ्यात तर दोन महिने. हे तपासायला गस्त कशाला हवी?

दुसरा: "गरीब मच्छीमारावर कागदांचं ओझं." ज्याची बिनयांत्रिक होडी आहे त्याला काहीही लिहायला लावू नका. त्याला बंदीतूनही सूट आहे, ती योग्यच आहे. ओझं टाका ते मोठ्या यांत्रिक बोटींवर. आणि खरं सांगायचं तर नोंद नसण्याचं ओझं सगळ्यात जास्त गरिबावरच पडतं. डहाणूजवळ वाढवण बंदर होतंय, 2024मध्ये केंद्राने मंजूर केलं, 76,220 कोटींचा प्रकल्प. उद्या भरपाईचा विषय निघाला की अधिकारी पहिला प्रश्न विचारेल: तुम्ही इथे वर्षाला किती मासे पकडत होता, पुरावा काय? शेतकऱ्याची जमीन गेली तर त्याच्याकडे सातबारा असतो, त्यावर पीकपाणी असतं. मच्छीमाराकडे काय आहे? आजोबांपासून इथे मारतोय, एवढं तोंडी. 2025च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत सवलती मिळतील, छान झालं. पण शेतीचा दर्जा आणि पीकपाहणी नाही, असली शेती विमा कंपनीपुढे टिकणार कशी?

तिसरा: "मासे कमी झाले ते प्रदूषणामुळे, तापमानामुळे, तुम्ही मच्छीमारांना का बोल लावता?" मी मच्छीमारांना बोल लावतच नाही, मी सरकारला लावतोय. आणि प्रदूषणाचा हिस्सा सिद्ध करायचा असेल तरी मोजणीच लागेल. कारखानदार वकील लावून सांगेल की मासे जाळ्यांनी संपवले. पर्ससीनवाला सांगेल कारखान्याने संपवले. दोघांनाही उत्तर देणारा आकडा मच्छीमाराच्या बाजूचा असायला हवा.

चौथा: "हे आता केंद्राचं काम." केंद्राने नोव्हेंबर 2025मध्ये 12 मैलांच्या पलीकडच्या क्षेत्रासाठी नवे नियम आणले, मोठ्या बोटींना ऑनलाईन पास आणि एलईडी-पेअर ट्रॉलिंगवर बंदी. चांगलं आहे. पण पिल्लं वाढतात खाडीत आणि किनाऱ्यालगत, म्हणजे राज्याच्याच पाण्यात. अंगणवाडी राज्याची आणि कॉलेज केंद्राचं असा प्रकार आहे. अंगणवाडीच ओस पडली तर कॉलेजात येणार कोण?

तर मागण्या. मला कोणी विचारत नाही, पण लिहायला काय जातंय:

एक, डिझेल परताव्याला उतरवलेल्या मासळीच्या नोंदीची अट घाला. सुरुवात मोठ्या बोटींपासून.

दोन, ती नोंद बंदरवार, दर महिन्याला, सगळ्यांना दिसेल अशी जाहीर करा. बोटीचं नाव नको, बंदराचं हवं. सातपाटी, ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा, मालवण... लोकांना बघू दे.

तीन, प्रत्येक नव्या आदेशात लिहा की तो कोणत्या आकड्यासाठी आहे आणि तीन वर्षांनी कशावरून तपासणार. तपासला नाही तर आदेश आपोआप रद्द.

चार, बंदीच्या दोन महिन्यांत बंदरातल्या प्रत्येक जाळ्याचं आस मोजा. सोसायटीच्या माणसांना सोबत घेऊन मोजा, साहेब म्हणून मोजू नका.

पाच, हौशी लोकांसाठी फुकट पण सक्तीची नोंदणी करा, आणि जिताड्यासारख्या माशांना खालची आणि वरची, दोन्ही मर्यादा घाला. फोटो टाकायला ज्यांना वेळ आहे त्यांना एक फॉर्म भरायलाही असेल.

सहा, गुजरात, गोवा आणि कर्नाटकासोबत बसून बोटींच्या पकडीची माहिती एका जागी आणा. मलपीचा ट्रॉलर मालवणात सापडला की नुसती आरडाओरड होते. त्याने वर्षभरात आपल्या पाण्यातून किती नेलं ते मात्र कोणालाच ठाऊक नसतं.

यातली एकही गोष्ट रॉकेट सायन्स नाही, आणि रॉकेटवाल्यांनी तर त्यांचं काम करून ट्रान्सपॉन्डर देऊनही टाकलेत.

उरला आपला भाग. किमान आकाराचा कायदा 2023पासून आहे, पण तुमच्या बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट वाट्यावर मिळतात की नाही? मिळतात आणि आपण घेतो, कारण मोठ्याचा भाव परवडत नाही. मोठ्याचा भाव का परवडत नाही, तर मोठा व्हायला कोणी शिल्लक ठेवला नाही म्हणून. मासेवाल्या मावशींशी त्यावरून वाद घालू नका, त्यांनी तो लिलावात घेतलाय आणि त्यांचं पोट त्यावर आहे. फक्त घेऊ नका. आणि आमदार मत मागायला आला की रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारा: आपल्या बंदरावर गेल्या वर्षी किती पापलेट उतरलं? त्याला येणार नाही. पण दहा जणांनी विचारलं की तो खात्याला विचारेल, आणि खात्याला तो आकडा शोधायला लागेल.

बोला, कोणाचं काय म्हणणं आहे? शिव्या चालतील, आकड्यांसकट द्या.